कोयनेची भेग: सिव्हिलच्या वर्गातलं एक पूर्ण प्रकरण

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरचा परिसर हादरला. मॅग्निट्यूड ६.३. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे १८० जीव गेले. धरणात त्या वेळी पायापासून सुमारे ९१.७५ मीटर उंचीपर्यंत पाणी होतं. धरण उभं राहिलं. पण उजाडल्यावर पाहणी झाली तेव्हा सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भिंतीवर आडव्या भेगा दिसल्या. काही ठिकाणी खालच्या बाजूने, म्हणजे तलावाच्या विरुद्ध अंगाने, पाणी पाझरत होतं. भेगा पायाशी नव्हत्या, माथ्यालाही नव्हत्या. पायापासून साधारण दोन तृतीयांश उंचीवर, पाण्याकडच्या आणि खालच्या अशा दोन्ही अंगांना त्या पडल्या होत्या.

भेग तिथेच का पडली, एवढ्या एका प्रश्नाचं हे प्रकरण आहे. सिव्हिलच्या पदवीत मी शिकवतो, आणि चार वर्षांच्या अभ्यासाला एकत्र बांधणारं याहून चांगलं उदाहरण मला आपल्या महाराष्ट्रात सापडलेलं नाही. पहिल्या वर्षी मेकॅनिक्स, दुसऱ्या वर्षी एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) आणि जिऑलॉजी, पुढे काँक्रीट टेक्नॉलॉजी, शेवटी धरणांचा पेपर, आणि ज्याने निवडलं असेल त्याला स्ट्रक्चरल डायनॅमिक्स. प्रत्येक विषयाची वेगळी वही, वेगळं जर्नल, वेगळी व्हायव्हा. मुलं एकेक पेपर काढत पुढे जातात. पण या सगळ्या वह्या एकाच भिंतीबद्दल बोलत असतात, हे त्यांना कुणी दाखवतच नाही. कोयनेची भेग ते दाखवते. त्यासाठी लागणारा दोन तृतीयांश हिशेब दुसऱ्या वर्षाच्या मुलाला येतो, हे तर मला फार मोलाचं वाटतं.

भिंत आणि तिचा छेद

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या रांगांमधून दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पाटण तालुक्यातलं हे धरण रबल काँक्रीटचं, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवून सिमेंट वाचवत उभं केलेलं, स्वतःच्या वजनाने पाणी रोखणारं गुरुत्व धरण. सर्वांत खोल पायापासून उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरच्या पुढे. आज आपण १०५ टीएमसी म्हणतो तो शिवसागर याच भिंतीने अडवलेला आहे.

भिंत सलग नाही. साधारण १५-१५ मीटर रुंदीच्या मोनोलिथमध्ये, म्हणजे सलग ओतलेल्या ठोकळ्यांत, ती बांधली आहे आणि दोन मोनोलिथांच्या मध्ये उभा सांधा आहे. जोरात हलल्यावर हे मोनोलिथ बरेचसे स्वतंत्रपणे हलतात. म्हणून अभ्यासासाठी एका मोनोलिथचा एक मीटर जाडीचा काप घेतला तरी चालतं. परीक्षेत 'पर मीटर लेंग्थ' असं लिहून मुलं गणित सुरू करतात, पण तसं का चालतं हे इथे कळतं.

सर्वांत उंच, सांडवा नसलेल्या मोनोलिथची मापं जगभरच्या अभ्यासांत वापरली जातात. पाण्याकडची बाजू जवळजवळ उभी. पायाशी रुंदी ७०.२ मीटर. पायापासून ६६.५ मीटर उंचीवर रुंदी सुमारे १९.३ मीटर. माथ्याला १४.८ मीटर. खालच्या बाजूचा उतार काढून पाहा. ६६.५ मीटरपर्यंत दर मीटर उंचीला भिंत ०.७७ मीटर आत येते, गुरुत्व धरणात अपेक्षित असते तेवढीच. त्याच्या वर मात्र दर मीटरला जेमतेम ०.१२ मीटर. म्हणजे तिथून वर भिंत जवळपास सरळ उभी आहे. या पातळीला मी पुढे 'मान' म्हणतो.

हा छेद असा का? धरण टप्प्याटप्प्याने उंचावायचा मूळ विचार होता. काम चालू असतानाच पूर्ण उंची एकदम गाठायचं ठरलं, आणि ठरलेल्या छेदावर वरचा भाग चढवताना उतार एकाएकी बदलला. मुलांना वाटतं की ड्रॉइंग आधी पूर्ण होतं आणि मग बांधकाम सुरू होतं. मोठ्या कामांत तसं क्वचितच होतं. निधी, विजेची गरज, पाण्याची मागणी यांतलं काहीतरी मधेच बदलतं, आणि डिझाइन करणाऱ्याला अर्ध्या उभ्या भिंतीशी जुळवून घ्यावं लागतं.

पहिला हिशेब: स्थितिकीचा

वर्गात हा छेद फळ्यावर काढून 'भेग कुठे पडेल' असं विचारलं की बहुतेक मुलं पायाकडे बोट दाखवतात. त्यांचं चुकत नाही. शिकवलेल्या पद्धतीने सर्वांत मोठे स्ट्रेस, म्हणजे दर चौरस मीटरवर येणारं बल, पायाशीच येतात. म्हणून मी मानेचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घेतो.

काँक्रीटची घनता २६४३ किलो प्रति घनमीटर धरू. मानेच्या वरच्या समलंबाचं क्षेत्रफळ ६२२ चौरस मीटर, म्हणून एक मीटर जाडीच्या कापाचं वजन सुमारे १६,१०० किलोन्यूटन. मानेची रुंदी १९.३ मीटर, म्हणून सरासरी दाब ०.८४ मेगापास्कल. वरच्या भागाचा गुरुत्वमध्य पाण्याकडच्या बाजूपासून ८.५७ मीटरवर येतो, म्हणजे छेदाच्या मध्यापासून १.०८ मीटर पाण्याकडे सरकलेला. या विकेंद्रतेचं मोमेंट (बल गुणिले अंतर) सेक्शन मॉड्युलसने भागलं की ०.२८ मेगापास्कल मिळतं. सेक्शन मॉड्युलस म्हणजे १९.३ चा वर्ग भागिले ६, साधारण ६२ घनमीटर. तर फक्त वजनाने पाण्याकडे १.१२ आणि खालच्या बाजूला ०.५६ मेगापास्कल दाब.

आता पाणी. मानेच्या वर २५.२५ मीटर पाणी होतं. त्याचा जोर ३,१२७ किलोन्यूटन आणि मानेभोवती मोमेंट २६,३०० किलोन्यूटन-मीटर. त्याने पाण्याकडचा दाब ०.४२ ने कमी होतो, खालच्या बाजूचा तेवढाच वाढतो. हिशेब राहिला पाण्याकडे ०.७० आणि खाली ०.९८, दोन्ही दाबच. भेगेत किंवा छिद्रांत शिरणाऱ्या पाण्याचा अपलिफ्ट इथे मुद्दाम सोडला आहे. तो धरला तर आकडे थोडे बिघडतात, पण चित्र बदलत नाही.

मग भूकंप. मूळ डिझाइनमध्ये भूकंप गुणांक ०.०५ धरला होता, पायापासून माथ्यापर्यंत सारखाच. म्हणजे वजनाच्या ५ टक्के बल आडवं लावायचं. मानेच्या वरचं बल ८०७ किलोन्यूटन, तरफेची भुजा १७.४५ मीटर, मोमेंट १४,१०० च्या आसपास, स्ट्रेस ०.२३ मेगापास्कल. हलणाऱ्या भिंतीवर पाण्याचा जास्तीचा दाब येतो. तो वेस्टरगार्डने हूव्हर धरणाच्या काळात, १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्राने काढता येतो. तो इथे जेमतेम ०.०६ भरतो. पाण्याकडे उरला दाब सुमारे ०.४१ मेगापास्कल.

म्हणजे कुठेही ताण, काँक्रीटला ओढणारा स्ट्रेस, नाही. गुरुत्व धरणात काँक्रीटवर ताण येऊ द्यायचा नाही, हा त्या काळचा निकष पूर्ण झाला. शंभरपैकी शंभर गुण मिळावेत असा हा हिशेब आहे. एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. हे डिझाइन झालं तेव्हा भूकंपासाठीची आपली संहिता, आयएस १८९३, अस्तित्वातच नव्हती. ती पहिल्यांदा १९६२ मध्ये आली. दख्खनचं पठार शांत समजलं जात होतं. अशा ठिकाणी ०.०५ धरणं ही निष्काळजी नव्हती, त्या काळच्या मानाने खबरदारीच होती. आज वर्गात बसून त्या अभियंत्यांना नावं ठेवणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. प्रश्न त्यांच्या हुशारीचा नव्हता, पद्धतीत दडलेल्या एका गृहीतकाचा होता.

गृहीतक

धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या अ‍ॅक्सेलरोग्राफने त्या पहाटेच्या त्वरणांची नोंद केली. भूकंपशास्त्रात आणि धरण अभियांत्रिकीत ही नोंद आजही सोन्याची समजली जाते, कारण केंद्राच्या इतक्या जवळ, प्रत्यक्ष धरणावर टिपलेल्या नोंदी तेव्हा फार थोड्या होत्या. धरणाच्या लांबीच्या दिशेने कमाल ०.६३ जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण), नदीच्या दिशेने ०.४९ जी, उभ्या दिशेने ०.३४ जी.

आकडे पाहताच वर्गातून उत्तर येतं, "सर, ०.०५ धरलं आणि ०.४९ आलं. दहापट. म्हणून भेग पडली." हे उत्तर अर्धं आहे, आणि अर्ध्या उत्तरावर मुलांना सोडू नये. कारण गुणांक नुसता दहापट केला तरी भेग मानेशीच का, हे कळत नाही. सगळीकडे दहापट केल्यावर सगळ्यात मोठा स्ट्रेस पुन्हा पायाशीच दिसणार.

खरी गोष्ट अशी की ०.०५ हा आकडा उंचीभर सारखा लावणं म्हणजे धरण पूर्ण कडक आहे असं मानणं. जमीन जेवढी हलेल तेवढंच माथाही हलेल, त्याच वेळी, त्याच दिशेने. हे खरं ठरायला धरणाचा नैसर्गिक आवर्तनकाल, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ, जवळजवळ शून्य हवा. कोयनेच्या या मोनोलिथचा पहिला आवर्तनकाल रिकाम्या तलावात सुमारे ०.३३ सेकंद येतो. भरलेल्या तलावात पाणी भिंतीबरोबर हलतं म्हणून तो आणखी वाढतो. भूकंपाची ताकद साधारण याच टापूत भरलेली असते. उसाचं कांडं बुडाशी धरून हलवलं तर हात थोडाच हलतो आणि शेंडा मात्र सपासप जातो. १०३ मीटरच्या काँक्रीटच्या भिंतीला हे लागू पडतं, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. इतकी अवजड वस्तू लवचीक कशी? मग मी त्यांना आवर्तनकालाचं सूत्र काढायला लावतो. वजन वाढलं की आवर्तनकाल वाढतो, कमी होत नाही. अवजड असणं आणि कडक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फळ्यावर दिसतं तेव्हा डायनॅमिक्सचा विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो.

पायाशी ०.४९ जी असेल तर माथ्याकडच्या भागाला त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त त्वरण मिळू शकतं. मानेच्या वरच्या भागाला सरासरी १ जी मिळालं असं धरून आपलाच हिशेब पुन्हा करू. जडत्वाचा स्ट्रेस ०.२३ च्या वीसपट, म्हणजे ४.५ मेगापास्कल. पाण्याचा जास्तीचा दाब जमिनीच्या त्वरणानेच धरला तरी ०.५५. बल खालच्या अंगाकडे असताना पाण्याकडच्या बाजूला ताण येतो सुमारे ४.४ मेगापास्कल. पुढच्या क्षणी दिशा उलटली की खालच्या बाजूला सुमारे ४.१ मेगापास्कल. या धरणाच्या विश्लेषणांत काँक्रीटची ताणशक्ती २.९ मेगापास्कल धरण्याची प्रथा आहे, आणि दोन लिफ्टांमधल्या, म्हणजे ओतलेल्या थरांमधल्या, आडव्या सांध्यांवर ती याहून कमीच असते. ताण दोन्ही बाजूंना, ताकदीपेक्षा बराच जास्त. प्रत्यक्षात भेगाही दोन्ही बाजूंनाच सापडल्या.

यात आणखी एक भर पडते. उतार जिथे एकदम बदलतो तिथे आत वळलेला कोपरा तयार होतो आणि स्ट्रेस तिथे एकवटतो. बेंडिंगच्या सूत्राला हा कोपरा दिसत नाही. त्यामुळे खालच्या बाजूचा आकडा माझ्या हिशेबापेक्षा मोठा धरायला हवा. काही जण सगळा दोष या कोपऱ्यावर टाकून मोकळे होतात. मला ते पटत नाही. कोपरा अजिबात न धरताही साध्या सूत्राने ताण ताकदीबाहेर जातोय, हे आपण आत्ताच पाहिलं. कोपऱ्याने भेगेची जागा पक्की केली. भेग पडणार हे वरच्या भागाच्या वजनाने आणि हलण्याने आधीच ठरलं होतं.

सांडव्याचे मोनोलिथ मात्र बचावले. त्यांच्यावर असा जाड, उभा वरचा भाग नाही. त्यांचा माथा खाली आहे आणि गोलाई घेत उतरतो. एकाच धरणात, एकाच पहाटे, एकाच जमिनीवर दोन आकारांची परीक्षा झाली. कुठल्याही प्रयोगशाळेत असा तौलनिक प्रयोग कुणी रचला नसता.

हा पूर्ण डायनॅमिक हिशेब कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये प्रत्यक्ष नोंद वापरून मांडला. सांडवा नसलेल्या मोनोलिथमध्ये याच भागात ताण ताकदीबाहेर जातो, हे त्यात दिसलं. चोप्रांची सिव्हिलची पदवी बनारस हिंदू विद्यापीठाची, १९६० ची. पुढे धरणं आणि पाणी यांच्या एकत्र हलण्यावर त्यांनी बर्कलीत पीएचडी केली. हे मी मुलांना सांगतो, कारण आपल्यासारख्याच वर्गखोलीत मेकॅनिक्सची वही भरणारा विद्यार्थी पुढे कोयनेचा प्रश्न सोडवायला पुरा पडला, हे त्यांना कळावं. आज फायनाइट एलिमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये काँक्रीटला तडा जाण्याचं मॉडेल तपासायचं झालं की जगात कुठेही कोयनेचा हा छेद उघडला जातो. आपल्या मुलांना तो परदेशी मॅन्युअलमध्ये पहिल्यांदा भेटतो, याचं मला वाईट वाटतं.

भेग आरपार, मग वरचा भाग पडला का नाही?

या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता प्रश्न हा आहे, आणि तो बहुधा मुलंच विचारतात. मानेशी दोन्ही बाजूंनी तडे गेले असतील, तर वरचे ३६.५ मीटर निव्वळ आपल्या वजनावर उभे होते. मग ते कोसळले का नाहीत?

पुन्हा स्थितिकीने पाहू. वरच्या भागाला १ जी लावलं तर खालच्या कडेभोवती उलटवणारं मोमेंट सुमारे २,८१,६००, त्यात पाण्याचं २६,३००. एकूण तीन लाखांच्या पुढे. रोखणारं मोमेंट म्हणजे वजन गुणिले १०.७३ मीटर, १,७३,००० च्या आसपास. हिशेब स्पष्ट सांगतो की ब्लॉक उलटायला हवा होता, आणि मग कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत काय झालं असतं ते लिहायची गरज नाही.

तो उलटला नाही, कारण ते बल टिकत नाही. ०.३३ सेकंदाच्या आवर्तनात एका दिशेचा जोर सेकंदाच्या सहाव्या भागापुरताच असतो. एवढ्या वेळात १९ मीटर रुंदीचा ब्लॉक एका कडेवर किंचित उचलला जातो, आणि तो कलायच्या आत जोर उलट फिरतो. शिवाय भेग उघडली की वरचा भाग सुटा होऊन डुलतो, खालचा हेलकावा पूर्ण ताकदीने वर पोचत नाही. ज्या डायनॅमिक्सने भेग पाडली तिनेच वरचा भाग उभा ठेवला. स्थितिकीचा हिशेब दोन्ही वेळा चुकला. आधी तो म्हणाला भेग पडणार नाही, आणि मग म्हणाला की पडली तर सगळं कोसळेल.

इथे मी मुलांना थांबवून सांगतो की स्थितिकी खोटी नाही. आधीचे सगळे आकडे आपण तिनेच काढले. तिला वेळ हा घटकच माहीत नाही, आणि ज्या प्रश्नात वेळ महत्त्वाचा आहे तिथे तिला एकटीला पाठवू नये.

खडक

जिऑलॉजी म्हणजे ट्रेमधले दगड ओळखून दहा गुणांची व्हायव्हा, असं समजणाऱ्या मुलांसाठी हा भाग. बेसाल्ट, त्यातही पोकळ्या भरलेला अमिग्डलॉइडल बेसाल्ट, मधूनच गेलेला डाइक, एवढं आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. दख्खनच्या या लाव्ह्याच्या थरांखाली कोयना परिसरात ग्रॅनाइट-नाइसचा प्राचीन खडक आहे. कोयनेजवळ गोठणे इथे २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या तीन किलोमीटर खोल बोअरमध्ये तो सुमारे सव्वा किलोमीटरवर लागला. भूकंप या खालच्या खडकातल्या फटींवर होतात.

तलावात पाणी भरायला लागल्यावर, १९६२ नंतर, परिसरात धक्के जाणवू लागले. सप्टेंबर १९६७ मध्ये पाचांहून मोठ्या मॅग्निट्यूडचा धक्का बसला, आणि तीन महिन्यांनी तो मोठा. तलावाच्या पाण्याच्या ओझ्याने जमीन दबते, हे स्पष्टीकरण लोकांच्या तोंडी आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट फटीत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब ही आहे. फटीच्या दोन अंगांना एकमेकांवर दाबून धरणारा परिणामी दाब तो कमी करतो, म्हणजेच घर्षण कमी करतो. आधीच तुटायला टेकलेली फट मग लवकर सरकते. सॉइल मेकॅनिक्समध्ये इफेक्टिव्ह स्ट्रेस शिकलेल्या मुलाला यातलं एक अक्षरही नवीन नाही. तेच समीकरण, फक्त मातीच्या नमुन्याऐवजी काही किलोमीटर खोलीवरचा खडक.

संहितेत काय बदललं

१९७० च्या आवृत्तीत देशाचा भूकंप नकाशा पुन्हा आखला गेला, शून्य क्रमांकाचा विभाग रद्द झाला आणि कोयना परिसर चौथ्या विभागात गेला. १९८४ च्या आवृत्तीत धरणांसाठीची तरतूद वाचण्यासारखी आहे. १०० मीटरपर्यंतच्या धरणाला भूकंप गुणांकाची पद्धत चालेल, पण गुणांक उंचीभर सारखा नाही. माथ्याला दीडपट आणि तिथून सरळ रेषेत उतरत पायाशी शून्य. १०० मीटरच्या वर रिस्पॉन्स स्पेक्ट्रम, म्हणजे आवर्तनकालानुसार कमाल हादरा दाखवणारा आलेख, वापरायचा. कोयना १०३ मीटरची.

मुलांना मी सांगतो, नवी पद्धत जुन्या छेदावर लावून पाहा. चौथ्या विभागाचा मूळ गुणांक ०.०५, धरणासाठी महत्त्वाचा गुणक ३, म्हणून ०.१५. माथ्याला ०.२२५. मानेशी जडत्वाचा स्ट्रेस येतो ०.८९ आणि पाण्याचा जास्तीचा दाब ०.१७ मेगापास्कल. पाण्याकडच्या ०.७० दाबातून हे वजा केलं की ०.३६ मेगापास्कल ताण उरतो. जी मान जुन्या पद्धतीने बिनघोर होती तिथेच नवी पद्धत बोट ठेवते. ०.३६ हा आकडा खऱ्या ताणाच्या जवळपासही नाही. पण डिझाइन करणाऱ्याने जिथे थबकायला हवं ती जागा तो दाखवतो, आणि साध्या पद्धतीचं कामच तेवढं असतं. गुणांकाच्या आकड्याइतकाच, किंबहुना जास्त, उपयोगी बदल त्याच्या उंचीनुसार बदलत्या आकाराचा होता, असं माझं मत आहे.

याच कारणासाठी काँक्रीटच्या प्रतीबद्दलचा एक जुना संकेतही तपासावा लागतो. गुरुत्व धरणात खाली चांगलं काँक्रीट आणि वर कमी सिमेंटचं, ही रीत होती, कारण स्थितिकीने वरचे स्ट्रेस किरकोळ दिसतात. भूकंपात मात्र वरच्या भागातच ताण सर्वांत जास्त येतो. म्हणजे जिथे ताकद हवी तिथेच आपण ती वाचवत होतो.

भेग बुजवताना

तातडीने भेगांमध्ये इपॉक्सी भरलं गेलं आणि माथ्याकडून प्रीस्ट्रेस केबल टाकून वरचा भाग खालच्याशी आवळला गेला. केबलचं काम मुलांना लगेच समजतं: वजन न वाढवता मानेवरचा दाब वाढवायचा, म्हणजे ताण येण्याआधी तेवढा दाब संपावा लागतो. पुढे उंच मोनोलिथांना खालच्या बाजूने काँक्रीटचे बट्रेस, म्हणजे आधाराचे धिरे, जोडले. हे काम १९७३ पर्यंत झालं. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण नंतर, २००६ मध्ये पूर्ण झालं.

बट्रेसचा भाग मी शेवटच्या वर्षाला सबमिशन म्हणून देतो. बट्रेस जोडल्यावर मानेचा छेद आयत राहत नाही, टी आकाराचा होतो. न्यूट्रल अ‍ॅक्सिस खालच्या बाजूकडे सरकतो, आत वळलेला तो कोपरा भरला जातो, आणि सेक्शन मॉड्युलस दोन्ही बाजूंना वेगळा काढावा लागतो. बट्रेसची रुंदी आणि खोली मुलांनीच निवडायची, १ जी चा हिशेब पुन्हा करायचा आणि ताण २.९ च्या खाली येतो का ते पाहायचं. रुंदी वाढवत नेली की फायदा घटत जातो, हे त्यांना स्वतःच्या तक्त्यात दिसतं.

पण आकडा जुळला की सबमिशन संपलं असं मी मानत नाही. हा सगळा हिशेब जुनं आणि नवं काँक्रीट एकजीव आहे असं धरून केलेला असतो. जुनी भिंत थंड आणि आकसून झालेली. नवं काँक्रीट जमताना तापतं, मग निवतं आणि आकसतं. जुन्या पृष्ठभागाशी त्याचा सांधा तेवढ्यानेच सुटू शकतो, आणि सांधा सुटला तर टी छेद कागदावरच राहतो. म्हणून प्रत्येकाने जोडपत्रात लिहायचं की जुना पृष्ठभाग किती खरवडायचा, सळ्या कुठे आणि किती खोल रोवायच्या, काँक्रीट किती उंचीच्या थरांत आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यांत ओतायचं, आणि सांध्यावरचा शिअर (सरकवणारं बल) कोण घेणार. तलाव त्या वेळी कुठल्या पातळीला ठेवायचा, हेही त्यातच यायला हवं. बट्रेस जोडताना भिंत जेवढी झुकलेली असेल, तेवढ्या भाराचा वाटा नवं काँक्रीट कधीच उचलत नाही. ते फक्त त्यानंतर येणाऱ्या भारातला वाटा घेतं.